काळोखाला आवाज देताना

वाचकांचे प्रश्न : चित्रपट आणि संगणकीय खेळांतील भयध्वनी

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी एका जुन्या वाड्यात १४ मिनिटांचा भयपट चित्रित केला आहे. इंटरनेटवरून किंकाळ्या, दाराची करकर, मेघगर्जना असे आवाज उतरवून घेतले आणि जवळजवळ सर्व दृश्यांना पार्श्वसंगीत लावले. परंतु ओळखीच्या लोकांना दाखवला तेव्हा ते नेमके भीतीच्या प्रसंगी हसले. आमच्याकडे एक साधा रेकॉर्डर आणि लॅपटॉप आहे. काय चुकले असावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात किंकाळी आहे, मेघगर्जना आहे, पण ज्या वाड्यात तुम्ही चित्रीकरण केले त्याचा स्वतःचा एकही आवाज नाही, आणि माझ्या मते मूळ चूक तिथेच आहे. इंटरनेटवर सहज मिळणारी दाराची करकर असंख्य ठिकाणी वापरून झालेली असते, आणि ती बहुधा बिजागरीवरच्या हलक्या दाराची असते. तुमच्या पडद्यावर मात्र लाकडी खुंटीवर फिरणारे जाड सागवानी दार दिसत असणार. डोळ्यांना दिसणारे वजन आणि कानांवर पडणारे वजन जुळले नाही, की काय चुकले हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेला माणूस भीत नाही.

म्हणून रेकॉर्डर घेऊन रात्री पुन्हा वाड्यात जा. ओटी, माजघर, जिना, परस अशा प्रत्येक ठिकाणी सर्वांनी अगदी निःशब्द राहून पाच-पाच मिनिटे फक्त तिथली शांतता ध्वनिमुद्रित करा. या शांततेला ध्वनिक्षेत्रात रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. माजघरातली दबलेली, परसातली मोकळी. चित्रपटात जी खोली दिसते तिची शांतता त्या दृश्याखाली अखंड पसरा, इतकी मंद की ती आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. एवढे झाले, की तुमच्या हाती एक असे साधन येते जे कोणत्याही किंकाळीपेक्षा मोठे आहे : ती शांतता काढून घेणे. रातकिड्यांचा आवाज दोन मिनिटे चालू ठेवा आणि मग तो एकाएकी थांबवा. कोणी जवळ आले की रातकिडे गप्प होतात, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पडद्यावर काहीही न दाखवता तिथे कोणीतरी आले आहे, हे त्याला कळते.

त्याच रात्री आणखी दोन कामे करा. प्रत्येक खोलीच्या मध्यावर एक मोठा फुगा फोडून त्याचा आवाज आणि मागे घुमत राहणारे नाद पूर्ण विरेपर्यंत टिपा. हा नमुना कन्व्होल्यूशन रिव्हर्ब या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, की नंतर घरी मुद्रित केलेले पाऊलसुद्धा त्याच माजघरात पडल्यासारखे ऐकू येते. दुसरे काम म्हणजे वाड्यातल्या वस्तूंचे आवाज : कडी-कोयंडा, रहाट, जाते, जिन्याची फळी, पागोळ्यांखालचे पातेले. रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर सेकंदाला ९६,००० नमुने घेणारी पातळी निवडा. असा आवाज अर्ध्या वेगाने वाजवला, की तो एक सप्तक खाली उतरतो आणि तरीही त्याची धार बोथट होत नाही. मात्र त्यासाठी तुमचा माइक २०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांच्या, वरचेही काही टिपणारा असावा लागतो. अर्ध्या वेगातला रहाट हा रहाट वाटतही नाही आणि परकाही वाटत नाही. भीतीसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

किंकाळीविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वेगाने खालीवर होते, आणि हा खरखरीतपणाच मेंदूला धोक्याची सूचना म्हणून जाणवतो. याचा अर्थ किंकाळी वापरलीच पाहिजे असा नाही. दाराच्या किंवा वाऱ्याच्या आवाजावर सेकंदाला ७० कंपनांची अशी थरथर अगदी हलकेच चढवली, तर तोंडातून शब्द न निघताही दृश्यात किंकाळीचा अंश उतरतो.

आता पार्श्वसंगीत. जवळजवळ सर्व दृश्यांना ते लावले आहे, असे तुम्ही लिहिता. माझा सल्ला असा, की आधी ते संपूर्ण काढून टाकून चित्रपट पाहावा. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’मध्ये स्नानगृहातल्या प्रसंगाला संगीत नको, असे खुद्द दिग्दर्शकाचे मत होते, संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर ते रचले आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. तीनच वर्षांनी ‘द बर्ड्स’मध्ये याच दिग्दर्शकाने रूढ पार्श्वसंगीत पूर्णपणे टाळले. पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर साला यांनी ट्राउटोनियम या विद्युतवाद्यावर घडवले, आणि त्या चित्रपटाचा ध्वनिसल्लागार कोण, तर तेच हरमन. संगीत असणे वा नसणे हा प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे घ्यायचा निर्णय आहे. ते सगळीकडे सारखे पसरले, की निर्णयच उरत नाही.

एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९४९ सालच्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याचा आरंभ दुरून येणाऱ्या आवाजाचा हवा होता. त्या काळी तो परिणाम यंत्रावर साधण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. माइक खोलीच्या मध्यावर ठेवून लता मंगेशकर यांनी कोपऱ्यापासून गात गात, पावलापावलाने त्याच्याकडे येत तो साधला. तुमच्याकडे साधने कमी आहेत याची खंत करू नका. माइकपासूनचे अंतर हे साधन तुमच्याकडेही आहे.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून एक भयखेळ तयार करत आहे. खेळाडू घाटातल्या एका ओस विश्रामगृहात अडकतो. संगीत मला स्वतःला आवडले आहे, परंतु खेळून पाहणारे सांगतात की वीस मिनिटांनंतर भीती उरत नाही. दर दोन मिनिटांनी तेच संगीत पुन्हा सुरू होते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : वीस मिनिटांत तुमचे संगीत दहा वेळा ऐकून झालेले असते, खेळाडूचा कान ते पाठ करतो, आणि पाठ झालेल्या गोष्टीचे भय कसे वाटणार? चित्रपटात वेळ दिग्दर्शकाच्या हाती असतो, खेळात तो खेळाडूच्या हाती जातो. एखादा दारापाशी दहा सेकंद थांबेल, एखादा दहा मिनिटे. म्हणून सलग रचना बाजूला ठेवून तिचे थर करावेत. एक थर वाऱ्याचा, एक खोल घुमणाऱ्या नादाचा, एक दूरच्या धातूच्या कण्हण्याचा. पहिला ३७ सेकंदांचा, दुसरा ५३ सेकंदांचा आणि तिसरा ७१ सेकंदांचा ठेवून तिन्ही एकत्र फिरू दिले, तर तीच जुळणी पुन्हा येण्यास १,३९,२३१ सेकंद, म्हणजे साडेअडतीस तासांहून अधिक काळ लागतो. त्यावर टिटवीची एखादी आरोळी किंवा पत्र्याचा एखादा खडखडाट अनियमित अंतराने टाकावा, आणि तोही दर वेळी थोड्या वेगळ्या उंचीचा आणि वेगळ्या दिशेचा असावा. एफमॉड आणि वाइज या खेळांतले आवाज हाताळणाऱ्या दोन्ही प्रणालींत ही सोय आहे, आणि छोट्या प्रकल्पांसाठी त्यांचे विनामूल्य परवानेही मिळतात.

परंतु खरी गोम याहून पुढची आहे. आवाजाने खेळाडूला काहीतरी सांगितले पाहिजे. १९९९ सालच्या ‘सायलेंट हिल’मध्ये नायकाच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरू लागतो. वास्तविक ही खेळाडूला केलेली मदत आहे, आणि तरीही तीच सर्वांत जास्त छळते, कारण धोका आहे हे कळते, पण कोणत्या बाजूला हे कळत नाही. त्या खेळाचे संगीत आणि ध्वनिपरिणाम ही दोन्ही कामे अकिरा यामाओका यांनी केली, त्यामुळे कुठे यंत्राचा खडखडाट संपतो आणि कुठे संगीत सुरू होते, हे बऱ्याच ठिकाणी ओळखता येत नाही. तुमच्या विश्रामगृहातही असा एक आवाज असू द्या, ज्याचा अर्थ खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत शिकेल आणि पुढे ज्याची त्याला धास्ती वाटेल. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजाच्या वरच्या कंपनसंख्या कापा, आणि पावलांचे प्रत्येक जमिनीसाठी किमान सहा वेगवेगळे नमुने घ्या.

खेळांचे संगीत आणि चित्रपटांचे संगीत ही आता दोन वेगळी खेडी राहिलेली नाहीत, हेही सांगतो. महाराष्ट्रात घडणाऱ्या ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत जेस्पर किड यांनी दिले; ‘हिटमॅन’ मालिकेतल्या खेळांच्या संगीताने ते आधीच नावाजलेले होते.

प्रश्न : मी शास्त्रीय संगीत शिकते. भयपटासाठी तंबोरा आणि राग वापरता येतील का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तंबोरा अवश्य वापरा. एका तंबोऱ्याची षड्जाची तार २२० हर्ट्झवर आणि दुसऱ्याची २२२ हर्ट्झवर ठेवली, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. रियाजात आपण हाच दोष कान लावून काढून टाकतो. इथे तो अगदी सावकाश वाढवत न्या. दोन मिनिटांत अंतर २ वरून ८ हर्ट्झपर्यंत गेले, की आधाराचा स्वरच डळमळू लागतो, आणि आपल्या कानाला त्याइतकी अस्वस्थता दुसऱ्या कशानेही येत नाही. षड्जावर कोमल ऋषभ ठेवून तिथेच थांबणे, तो षड्जावर उतरू न देणे, हाही एक मार्ग आहे. सारंगीवर गज घोडीच्या अगदी जवळ ओढला, तर मूळ स्वर पातळ होऊन नुसते वरचे नाद शिट्टीसारखे उरतात.

रागाविषयी मात्र मी सावध राहीन. मारवा किंवा श्री यांत व्याकुळता आहे, गांभीर्य आहे. त्यांना भुताखेतांचे राग करणे मला पटत नाही. तोच विचार संबळाचा. गोंधळात देवीपुढे वाजणारे वाद्य दर वेळी अघोरी प्रसंगाला लावले जाते, आणि ज्यांच्या घरी ते भक्तीने वाजते त्यांच्यावर त्यातून अन्याय होतो. संबळाचा नाद हवाच असेल, तर त्याच्या कातड्यावर बोट घासून जो हुंकार निघतो तो घ्या. त्याला पूजेची ओळख चिकटलेली नाही.

प्रश्न : १९ हर्ट्झचा न ऐकू येणारा नाद सोडला की माणसाला भुते दिसतात, हे खरे आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही चर्चा विक टँडी या इंग्लिश अभियंत्याच्या १९९८ सालच्या लेखापासून सुरू झाली. त्यांच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात काहीतरी करडे दिसल्याचा भास होई. पुढे तिथल्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा नाद निर्माण होत असल्याचे त्यांना आढळले. पण एका खोलीतल्या अनुभवावरून भुते दाखवण्याची कृती मिळत नाही. शिवाय तुमचा प्रेक्षक बहुधा मोबाइलवर पाहणार, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून १९ काय, ६० हर्ट्झसुद्धा धडपणे निघत नाही. त्यापेक्षा ६० हर्ट्झचा नाद रचताना त्याचे १८०, २४०, ३०० आणि ३६० हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे नाद, भरपूर ठेवा. मूळ स्वर स्पीकरमधून आला नाही, तरी उपस्वरांवरून कान तो स्वतःच उभा करतो. मिश्रण पूर्ण झाल्यावर ते साध्या मोबाइलवर, खोलीतला पंखा चालू ठेवून, एकदा जरूर ऐका.