डोंगरात सापडलेल्या पुंगळ्या

प्रश्न: ट्रेकला गेलो होतो, पावसाने माती वाहून गेलेल्या ठिकाणी तीन रिकाम्या पितळी पुंगळ्या सापडल्या, पार हिरव्या पडल्यात. बुडावर अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत. रायफलच्याच का? किती जुन्या? घासून चकाचक करू का?

उत्तर: घासू नका हो! पॉलिशने आधी ती अक्षरंच जातात, आणि सगळी माहिती तिथेच असते. कोमट साबणपाण्यात भिजवा, मऊ टूथब्रश फिरवा, मग टॉर्च तिरपा धरून बघा.

पण त्याच्याही आधी बुडाच्या मधली टोपी बघा, बंदुकीची पिन तिच्यावर आपटली की आतली दारू पेटते. पिनचा खड्डा नसेल किंवा तोंडाला गोळी बसलेली असेल तर ते काडतूस जिवंतच समजायचं, कितीही गंजलेलं असो. हात लावायचा नाही, थेट पोलिसांना कळवायचं.

खड्डा असेल तर कॅलिपरने लांबी मोजा. तोंडाकडे निमुळती मान असेल तर बहुतेक रायफलचीच. ५६ मिमीच्या आसपास आणि बुडाची कड बाहेर आलेली असेल तर ब्रिटिश रायफलची पॉइंट ३०३, ५४ आणि तशीच कड असेल तर रशियन ७.६२. कड बाहेर नाही, नुसती खाच आहे आणि लांबी ५७ भरली तर माऊझर या जर्मन रायफलच्या घराण्यातली, ६३ असेल तर अमेरिकन थर्टी-ओ-सिक्स. तोंड चेपलेलं असेल तर मात्र या मापावर फार जाऊ नका.

३०३ वर रोमन सात दिसला तर तो मार्क सात (सातवी आवृत्ती), म्हणजे १९१० च्या आधीची नाही, आणि पुढे झेड असेल तर आत कॉर्डाइट ही नेहमीची ब्रिटिश दारू नव्हती, नायट्रोसेल्युलोजची होती. गोलात क्रॉस ही नाटोची खूण, नाटोच १९४९ चं. दोन आकडे असतील, समजा ४३, तर ते बहुधा साल, पण ते बनवल्याचं, झाडल्याचं नव्हे, हा घोळ सगळेच करतात. माल वर्षानुवर्षं पडून असायचा, त्यामुळे साल फक्त एवढंच सांगतं की त्याआधी झाडलेली नाही.

तोंडातून आत टॉर्च मारा, तळाशी दोन बारीक भोकं असतील तर टोपीची बर्डन पद्धत, मधोमध एकच मोठं असेल तर बॉक्सर. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालली बॉक्सर आणि ब्रिटिश ३०३ मध्ये बहुतेक बर्डन!

अक्षरं वाचली की लांबीसकट परत लिहा, आणि फोटो बुडाचा काढा, आडव्या पुंगळीचा नको.