शौचालयाचा एकच खड्डा भरत आलाय, उपसायला कोणी येत नाही. सेप्टिक टँक बांधावी का?

घरात पाच माणसं आणि एकच खड्डा, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत : टाकी नको, दुसरा शोषखड्डा घ्या. टाकीतही गाळ साचतोच, दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावा लागतो आणि तो कच्चाच असतो. शिवाय टाकीतून बाहेर पडणाऱ्या घाण पाण्याला वेगळा शोषखड्डा लागतो. तो न खणता पाणी सरळ गटारात सोडलेलं सगळीकडे दिसतं.

हिशेब असा. माणशी वर्षाला साधारण ४० ते ४५ लिटर गाळ साचतो. एक मीटर व्यासाच्या आणि पाइपाच्या तोंडाखाली एक मीटर खोल खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतं. म्हणजे पाच जणांना साडेतीन वर्षं सहज. तो भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दोन वर्षं बंद ठेवायचा. जंताची अंडी सगळ्यात चिवट, ती मरायला एवढा वेळ लागतो.

खड्ड्याच्या तळाला काँक्रीट नको, आतून गिलावा तर नकोच. विटांचा एक थर सलग, एक फटी सोडून. पाइपाच्या वरचे थर मात्र सलग. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर, विहीर किंवा हातपंप १५ मीटर लांब. भांडं तीव्र उताराचं आणि कोंबडा (भांड्याखालचा, पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) २० मिलिमीटर पाणी धरणारा घ्या, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. वायू जमिनीत मुरतात, त्यामुळे उंच पाइप लावायची गरज नसते (गवंडी आग्रह करतील, ऐकू नका).

घोटाळा होतो तो बहुतेक वेळा वाय-चेंबरमध्ये, म्हणजे भांड्याकडून आलेला पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या छोट्या हौदात. दोन्ही तोंडं उघडी राहतात, दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि खर्च वाया जातो. एक तोंड वीट आणि चिकणमातीने पक्कं बुजवा, सिमेंटने नको, पुढे फोडायचं आहे. दुसरी चूक म्हणजे दोन खड्डे पाइपाने एकमेकांना जोडणं : दुसऱ्यात नुसतं पाणी जातं, पहिल्यात रोज ताजा मैला पडत राहतो, तो कधी कुजून मोकळा होतच नाही. न्हाणीचं पाणीही यात सोडू नका.

भांडं तुंबलं म्हणजे खड्डा भरला असं नव्हे. आधी चेंबरचं झाकण काढून बघा, पुष्कळदा चिंधी अडकलेली असते. खड्डा बदललात की तारीख भिंतीवर लिहून ठेवा. दोन वर्षांनी आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं खत दिसलं तर फावड्याने काढता येतं. ओलं आणि वासाचं असेल तर हात लावू नका, आत तर उतरूच नका, विषारी वायूने माणसं दगावतात. अशा वेळी बुजवलेलं तोंड गळतंय का ते तपासा.

भूजल वर असेल, म्हणजे पावसाळ्यात पाण्याची पातळी तळापासून दोन मीटरच्या आत येत असेल, तर तळ चिकणमातीने बंद करून भोवती अर्धा मीटर जाड बारीक वाळू भरा आणि खड्डा जमिनीपासून उचलून बांधा.