कमोड मलाच हवाय, असं सांग

ताई,
मी पुण्यात असते, वय बेचाळीस, नोकरी आयटीतली. माहेर दापोलीच्या थोडं आत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. घरी ते आणि आई, दोघंच. घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. दरवर्षी मे महिन्यात बाबा दोन गडी लावून कौलं चाळून घेतात. २०२० साली निसर्ग वादळात निम्मं छप्पर उडालं, तेव्हासुद्धा ‘तुम्ही येऊ नका, मी बघतो’ म्हणाले आणि खरोखरच सगळं निभावलं.

यंदा मात्र फर्मान निघालंय. गडी नकोत, गावभर होतं. तुम्ही तिघं दहा दिवस या, आपण घरच्या घरी करू. व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला. कौलं चाळणे, वळचणीचे दोन वासे बदलणे, ओटीचा गिलावा, न्हाणीचं दार, गडग्याची, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाची डागडुजी, विहिरीचा कठडा. आणि सातवं, मागच्या पडवीत कमोड! वाचून हसूच आलं. बारा वर्षांपूर्वी वहिनीनं हेच मागितलं होतं, तर ‘देवघराच्या भिंतीला लागून संडास? मी जिवंत असेपर्यंत नाही’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनी त्यानंतर दोन वर्षं गणपतीला आली नव्हती.

दादा म्हणतो, पन्नास हजार पाठवतो, कुणालातरी कंत्राट द्या. धाकटा म्हणतो, कौलं काढून पत्रे टाका, कायमची कटकट मिटेल. बाबा दोन्हीला नाही म्हणतात. वयानुसार माणूस चिंगूस होतो का हो? आई काही बोलत नाही, तिचं नेहमीचंच. माझा मुलगा दहावीत जातोय, मे महिन्यातच त्याचे क्लास सुरू होतात, मला चार दिवसांच्या वर रजा नाही. बाबांना न दुखवता नाही कसं म्हणू?
— माहेरवाशीण, पुणे

अगं, त्या पानावरचं सातवं कलम पुन्हा वाच. तू त्याला दोन-तीन ओळी दिल्यास, त्याही हसण्यासाठी. माझ्या मते ती सगळी यादी त्या एका कलमासाठी लिहिलेली आहे.

वरची सहा कामं बघ. कौलं दरवर्षी चाळली जातात. वासा कुजला तर गावात सुतार आहे. गडगा तर कोकणात एका पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळतोच. यातल्या कशासाठीही तुझ्या वडिलांनी आजवर तुम्हाला हाक मारलेली नाही. ३ जून २०२० ला डोक्यावरचं छप्पर गेलं, वरून पाऊस सुरू, वीज नाही, फोन लागत नाहीत, टाळेबंदी चालू. त्या दिवसांतही ज्यानं ‘येऊ नका’ म्हटलं, तो माणूस गडग्याच्या चार धोंड्यांसाठी तीन संसार दहा दिवस उठवून नेईल का?

त्या घरात कुणाला तरी आता उकिडवं बसता येत नाहीये. आई की बाबा, ते इथे बसून मला कळणार नाही. तुलाही माहीत नाही, याचा मात्र मला राग आला. एवढं लांब पत्र, त्यात दादा काय म्हणतो, धाकटा काय म्हणतो, मुलाचे क्लास, तुझी रजा, आणि आईच्या वाट्याला एक वाक्य, ‘काही बोलत नाही, तिचं नेहमीचंच’. गुडघे गेलेली बाई फोनवर नेहमीसारखीच बोलते गं. फोनवर गुडघे दिसत नाहीत.

तुमचा संडास कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मला दिसतोय. मागीलदारी, न्हाणीच्याही पलीकडे, चार पायऱ्या उतरून. संत गाडगेबाबा अभियानाच्या लाटेत, २००० सालानंतर, गावोगावी जे बांधले गेले त्यांतलाच असेल, खाली बसायचा. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. आता जुलैतली रात्र आठव. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला सगळ्यात जास्त त्याच महिन्यात. पायऱ्यांवर शेवाळ, वीज गेलेली, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छत्री. मग काठी कुठल्या हातात धरायची? या वयात रात्री दोनदा उठावं लागतं. काही म्हाताऱ्या बायका यावर एक उपाय शोधतात, संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ सुरू होते, ताप येतो, आणि मुलांना कळतं ते थेट दवाखान्यातून.

बाबा हे सरळ सांगत का नाहीत? सांगणार कुठल्या तोंडानं? तूच लिहिलंयस की. बारा वर्षांपूर्वी सुनेनं मागितलं तेव्हा देवघर मध्ये आणलं, जिवंत असेपर्यंत नाही म्हणाले. तेव्हा त्यांचं चुकलंच होतं, तान्हं मूल घेऊन आलेल्या पोरीनं रात्री मागीलदारी का जायचं? पण आता तोच माणूस त्याच पडवीत, त्याच भिंतीला लागून कमोड मागतोय. शब्द गिळून मागतोय, म्हणून सहा कामांच्या खाली दडवून मागतोय. आयुष्यभर फलाटावर उभं राहून गाड्या सोडलेल्या, चालक-वाहकांना ज्यांच्यासमोर आवाज चढवता येत नसे अशा गृहस्थांना हे किती जड गेलं असेल याची तुला कल्पना आहे, फक्त तू ती केली नाहीस.

आणि ‘गावभर होतं’ म्हणजे काय, तेही तुझ्या लक्षात आलं नाही. कौलं चाळली तर गावभर काय होणार? गावात मे महिन्यात प्रत्येकाच्याच घरावर माणूस चढलेला असतो. गावभर होतं ते कमोडचं. गवंडी येणार, खड्डा खणणार, संध्याकाळी नाक्यावर चहा पिताना सांगणार की त्यांच्याकडे आता कुणाला चालवत नाही म्हणे. हे टाळण्यासाठी त्यांना घरचीच माणसं हवी आहेत. याला तू चिंगूसपणा म्हणालीस.

तर नाही म्हणायचं नाही. उलट एक फोन करायचा आणि त्यात सांगायचं: ‘बाबा, माझे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. मागच्या पडवीत कमोड करून घ्या, नाहीतर मला यायला जमणार नाही.’ बस. कमोड तुझ्या नावावर घे.

हे खोटं आहे म्हणून कचरू नकोस. बेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईचे गुडघे अगदीच मुके असतील यावर माझा विश्वास नाही. आणि कोकणात याहून पक्कं पांघरूण दुसरं नाही. चाकरमान्यांना कमोड लागतो हे सगळ्या कोकणाला पाठ आहे, त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. गवंडी नाक्यावर फार तर म्हणेल, ‘पुण्याची लेक येतेय, तिचे लाड चाललेत’. ते ऐकून बाबा चारचौघांत तुझ्या नावानं कुरकुरतील. कुरकुरू दे. त्या कुरकुरीखाली त्यांना हवं ते बांधून होईल.

एकदा तुझ्या नावावर गेलं की गवंडी लावायलाही त्यांची हरकत उरणार नाही, कारण तुम्हा तिघांकडून हे काम व्हायचं नाही. टाकी बांधणं, उतार काढणं, पाइप जोडणं हे दहा दिवसांत व्हिडिओ बघून शिकायचं काम नव्हे. दादाचे पन्नास हजार इथे लागू देत. त्याला म्हणावं, पैसे पाठव आणि ‘कंत्राट’ हा शब्द बाबांसमोर काढू नकोस.

गवंड्यापाशी तू स्वतः उभी राहा, निदान फोनवर तरी, कारण सांगितलं नाही तर तो शहरी फ्लॅटमधल्यासारखं चकचकीत करून जाईल. फरशी खरखरीत घ्यायला सांग, ओल्या पायानं घसरता कामा नये. आत जाताना उंबरा नको. दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं आणि अंग दाराला टेकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. बसायची जागा जमिनीपासून सतरा-अठरा इंच असू दे, त्याहून बुटकी असली तर उठताना जोर लावावा लागतो. बसल्यावर हाताशी येईल असा स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवून घे. जांभ्याच्या चिऱ्यात नुसते स्क्रू फार दिवस धरत नाहीत, सिमेंटात गाडायला लाव. दिव्याचं बटण दाराबाहेर, आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक बॅटरीचा दिवा. टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी झिरपत कुठवर जाईल याचा नेम नसतो. दांडा का, असं गवंड्यानं विचारलं तर तुझे गुडघे आहेतच.

हे मे महिन्यावर टाकू नकोस. मे मध्ये सगळ्या चाकरमान्यांची घरं एकदम दुरुस्तीला निघतात आणि गवंडी दर्शन देत नाही. शिवाय २०२५ साली पाऊस मे सरायच्या आतच येऊन धडकला होता, खणलेल्या खड्ड्यांची तळी झाली. मार्चमध्येच इसार पाठव. तुला चार दिवस रजा आहे ना? ती एप्रिलमध्ये टाकी बांधायला घेतील तेव्हा घे. मुलगा चार दिवस बापाच्या हातचं जेवून मरत नाही. गेलीस की रात्री माजघरात आईशेजारी अंथरूण घाल आणि कोण किती वेळा उठतं, भिंत धरून उठतं का, ते बघ. विचारू नकोस, नुसतं बघ. मग दापोलीत डॉक्टरांकडे कुणाला न्यायचं ते तुला आपोआप कळेल.

राहिली कौलं. तुम्ही तिघांनीही वर चढायचं नाही आणि बाबांनी तर मुळीच नाही. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात, म्हणजे साध्या सहाशे फुटांच्या छपरावर नऊशे कौलं होतात. ती उतरवायची, झाडायची, माकडांनी फोडलेली बाजूला काढायची आणि पुन्हा ओळीत लावायची. हे ज्यांच्या हातचं काम आहे ते दोन गडी दरवर्षी करतातच, यंदाही करतील. कमोडचा प्रश्न सुटल्यावर गडी नकोत हा हट्ट टिकतो का बघ. धाकट्याच्या पत्र्यांचं मनावर घेऊ नका. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी झोपायला तो येणार आहे का?

एक काम बाबांना फोन करण्याआधी करायचं आहे, ते म्हणजे वहिनीशी बोलायचं. तिला सगळं खरं सांग, गुडघ्यांचं नाटक तिच्यासमोर नको. तिला राग येईल, आणि तो रास्त आहे, बारा वर्षांचा आहे. ‘तेव्हा मी मागितला तर देवघर आडवं आलं, आता कुठे गेलं देवघर?’ हे वाक्य तिच्या ओठांवर तयार असणार. तिला म्हणावं, हे तू जरूर विचार, मीही तुझ्या बाजूनं बसेन, फक्त एप्रिल-मे मध्ये विचारू नकोस. गणपतीला सगळे जमतील तेव्हा विचार. तोवर कमोड बसलेला असेल.