घरामागच्या चिऱ्याच्या जमिनीत भाजी पिकेल का?

तुमचा प्रश्न असा: मडगावात घरामागे ३० बाय २० फुटांची जागा आहे, जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जूनमध्ये चिखल आणि एप्रिलमध्ये दगड. पर्माकल्चर पद्धतीनं, म्हणजे जंगलासारखी थराथरांची, माती-पाणी राखणारी लागवड करून, घरापुरती भाजी निघेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

निघेल. मी फोंड्यात तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या परसात सात वर्षं पिकवते आहे. फक्त सुरुवात नर्सरीतून करू नका. छपराचं पाणी कुठं पडतं, कुठं साचतं आणि कुठून बाहेर जातं, हे आधी एक पावसाळा बघा.

मी ते केलं नव्हतं. पहिल्या मे महिन्यात एक टेम्पो माती विकत घेतली, वाफे केले, वांगी-मिरच्या लावल्या. जूनमध्ये तीन रात्री पाऊस लागून राहिला आणि सगळी माती लाल पाणी होऊन कंपाउंडच्या भोकातून गटारात गेली. रडू आलं मला. माझ्या सासूबाईंचं माहेर प्रियोळचं, कुळागरातलं, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माती अशी उघडी टाकतात होय गो? आमच्या कुळागरात कधी दिसली तुला उघडी माती?"

खरंच दिसत नाही. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरी, मग केळ, तळाला अननस, हळद, अळू आणि सगळ्यांच्या पायाशी पाचोळ्याचा थर. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली 'पर्माकल्चर' या नावानं जी मांडणी पुस्तकात आणली, तिच्यातलं बरंचसं आपल्याकडे पाटाच्या पाण्यावर आधीपासून उभं होतं. तुम्हाला तेच ६०० चौरस फुटांत बसवायचं आहे.

पाण्याचा हिशेब आधी. १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी खाली येतं. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे एवढ्या छपराचं ३ लाख लिटर तुमच्या दारात पडून गटारात जातं. ते जमिनीत मुरवण्यासाठी उताराला आडवा, फूटभर खोल चर काढा, पण घराच्या पायापासून निदान १० फूट लांब. आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायला वाट ठेवा. आपला पाऊस वाट दिली नाही तर स्वतः काढतो.

दुसरं काम आच्छादन. या एका गोष्टीवर माझं सगळं परस उभं आहे. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत घरोघरी पाचोळा जाळतात. मला तो धूर बघवत नाही, कारण जळते ती पुढल्या वर्षीची माती असते. मी शेजाऱ्यांकडून पोती भरून पाचोळा आणते. खाली नारळाची सोडणं पालथी, वर शेणाचा काला, वर पाचोळा, आणि उडू नये म्हणून चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात एक सोडण उचललं, तर खाली पांढऱ्या बुरशीचे धागे, तीन गांडुळं आणि बोटानं उकरता येईल अशी काळी माती. ओंजळभरच होती, पण तिथं पूर्वी पहार लागत असे. चिऱ्याची माती आंबट असते, म्हणून तिसऱ्या (खाडीतली शिंपली) खाऊन उरलेल्या शिंपल्या वाळवून, कुटून थोड्या टाकते. चुलीची राख मिळाली तर तीही, मूठभरच.

एका कोपऱ्यात केळीचा खड्डा घ्या: चार फूट रुंद, दोन फूट खोल, निघालेली माती कडेला गोल रचायची आणि त्या कडेवर तीन केळी, मध्ये अळू. न्हाणीचं पाणी तिकडे वळवा आणि ओला कचरा खड्ड्यात टाका. मासळीची डोकी मात्र खोल पुरून वर चिरा ठेवा, नाहीतर रात्री कुत्री सगळं उकरतात. सेप्टिक टँकच्या आसपास कंदमुळं, पालेभाजी लावू नका.

काय लावायचं ते ऋतूवर ठरतं. धो-धो पावसात तांबडी भाजी कुजते, तिचा हट्ट धरू नका. मेच्या अखेरीस दोडकी, घोसाळी, काकडी मांडवावर चढवा, अर्धवट सावलीत हळद आणि आलं घाला. नागपंचमीच्या पातोळ्यांना घरची पानं मिळतात तेव्हा फार बरं वाटतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की तांबडी भाजी, मुळा, वाल पेरा. तांबडी भाजी महिन्याभरात कापायला येते. शेवगा आणि पपई एकेकच, उत्तरेच्या कडेला, म्हणजे बाकीच्यांवर सावली येत नाही.

पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायी येतील. रात्री बॅटरी घेऊन, हातमोजे घालूनच वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पपईचं पान जमिनीवर ठेवलं तर त्याखाली गोळा होतात, वेचणं सोपं जातं. पावसाळ्यात आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा.

पहिल्या वर्षी कढीपत्ता, अळू, थोडी दोडकी, एवढंच मिळेल. तिसऱ्या वर्षापासून आमची चौघांची पालेभाजी नोव्हेंबर ते मार्च बाजारातून आणावी लागली नाही. कांदे-बटाटे, डाळ-तांदूळ आजही विकतच येतात.

तुमच्या जागेचा उतार कुठल्या बाजूला आहे, आणि दुपारी दोनला ऊन कुठं पडतं, तेवढं कळवा. केळीचा खड्डा कुठं घ्यायचा ते मग नेमकं सांगते.