निवेदन दिले, पण सभागृहात प्रश्न आला नाही

प्रश्न : शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून ३०० सह्यांचे निवेदन आमदारांना दिले. विधानसभेत चकार शब्द नाही. काय चुकले?

उत्तर : सह्या वजन दाखवतात, प्रश्न तयार करत नाहीत. एकाच पानावर एकच विषय, एकच खाते (इथे ऊर्जा), फीडरचे (तुमच्या पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीचे) नाव, वीज येण्या-जाण्याच्या १५ दिवसांच्या वेळा लिहून द्या. आमदारांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. म्हणून दोन उपप्रश्नही सोबत जोडा. नाहीतर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर विषय गुंडाळला जातो. अशा प्रश्नाची सूचना आमदारांना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. नागपूरचे अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव केलीत, तर उरते ती लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना), आणि तिथे गर्दी फार.