आगळाच्या बाटल्या आणि लिटर-मिलिलिटर

शाब्दिक उदाहरणं शिकवताना आकडेमोडीची घाई करू नकोस. आधी मुलांना शेवटचं वाक्य वाचायला लाव: उत्तर कशात मागितलंय, लिटरात की बाटल्यांत?

समजा, 5 लिटर कोकमाचं आगळ आणि 750 मिलिलिटरच्या बाटल्या. पोरं थेट 5 ला 750 ने भागायला बसतात आणि अडतात. 5 लिटरचे 5000 मिलिलिटर केले की 6 बाटल्या भरून 500 मिलिलिटर उरतं. आता गंमत बघ. ‘किती बाटल्या पूर्ण भरतील?’ याचं उत्तर 6. ‘सगळं आगळ भरायला किती लागतील?’ याचं 7. भागाकार तोच! मी वर्गात बाटल्याच नेतो. फरशी लाल होते, पण डोक्यात शिरतं.

एकक लहान, तर आकडा मोठा, हे रोज विचार. खरी फसगत क्षेत्रफळात. 1 मीटर म्हणजे 100 सेंटिमीटर, म्हणून 1 चौरस मीटरही 100 चौरस सेंटिमीटर, असं हमखास लिहितात; असतात 10,000. आपल्या राजापूर-देवगडकडच्या मुलांना गुंठा घरातूनच ठाऊक असतो: 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. मैदानात सुंभाने आखून दाखव, पण पाऊस लागायच्या आत.