मोटार नाही, मग विमा कशाला?

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४७. तीन लाखांची ठेव नुकतीच मोकळी झाली आहे. शहराच्या जुन्या भागात पर्यटकांना फिरवायला चार सायकलरिक्षा घ्यायच्या आहेत, एकीची किंमत ४५ हजार. पुतण्या म्हणतो, प्रत्येकीला २५ हजारांचं मोटार किट बसवू, चालक दमणार नाहीत. विमा एजंट म्हणतो, सायकलला विमा लागतच नाही. पोस्टात ६० हजार आहेत, घरखर्च महिन्याला २८ हजार. सगळी ठेव यात घालावी का?

ताई, सगळी नको. दोन रिक्षा घ्या, किट अजिबात नको आणि विम्याचा कागद हातात येईपर्यंत एकही प्रवासी बसवू नका.

एजंट खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती मोटार वाहनाला आहे. पायांनी ओढली जाणारी रिक्षा त्या व्याख्येत येत नाही, म्हणून सक्ती नाही. पण जबाबदारी कुठे सुटली? उतारावर ब्रेक लागला नाही, रिक्षा कलंडली आणि मागे बसलेल्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं असं समजा. ऑटोरिक्षा असती तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेला असता आणि भरपाई सहसा विमा कंपनीने दिली असती. तुमच्या बाबतीत दिवाणी कोर्टाची नोटीस थेट तुमच्या नावावर येणार. धंदा एकट्याच्या मालकीचा, म्हणजे धंद्याचे पैसे वेगळे आणि घरचे वेगळे असं कोर्ट मानत नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसत आहे’ अशी प्रवाशाची सही घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला की त्या चिठ्ठीवर भिस्त ठेवता येत नाही.

यावर उपाय म्हणजे सर्वसाधारण विमा कंपनीची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे तुमच्या धंद्यामुळे बाहेरच्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. इथे नावाचा घोळ होतो. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदा आहे, पण तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. त्या कायद्याखालची पॉलिसी कुणी गळ्यात मारली तर तुमच्या आजींना तिचा काडीचाही उपयोग नाही. कंपनीला लेखी विचारा: भाडं घेऊन सायकलरिक्षात बसवलेला प्रवासी आणि रस्त्यावरचा पादचारी, दोघांनाही झालेली इजा यात धरली आहे का? उत्तर पॉलिसीच्या कागदावर हवं, फोनवर नको.

आता पुतण्याचं किट. त्याचा उत्साह मला आवडला, हिशेब नाही. बॅटरीवरचं वाहन ‘मोटार वाहन’ ठरू नये यासाठी केंद्रीय नियमांत अटी आहेत: मोटार ०.२५ किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. लोखंडी सांगाड्याची, छपराची रिक्षा एवढ्या वजनात बसणं कठीण. अट मोडली की तीच रिक्षा बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन होते. विमा नसल्याचा दंडच पहिल्यांदा २,००० रुपये, सोबत तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय तुमच्या लायबिलिटी पॉलिसीलाही कंपनी हात वर करेल, कारण विमा सायकलरिक्षाचा होता. मोटारच हवी तर रीतसर नोंदणीची ई-रिक्षा घ्या. पण तो वेगळा धंदा आहे, त्यात चालकाला लायसन्सही लागतं.

चालकांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मार्ग, वेळ आणि भाडं तुम्हीच ठरवणार असाल तर ‘मी फक्त रिक्षा भाड्याने दिली’ हे म्हणणं टिकणं अवघड आहे, कामावर इजा झालेल्या कर्मचाऱ्याला मालकाने भरपाई देण्याचे नियम (पूर्वी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होते, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत) लागू होऊ शकतात. या भरपाईची पॉलिसी वेगळी मिळते. त्याशिवाय प्रत्येक चालकाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घाला: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि वर्ष १ जूनला सुरू होतं. मेअखेरीला खात्यात २० रुपयेसुद्धा नसल्याने संरक्षण तुटतं, म्हणून त्या आठवड्यात पासबुकं तुम्ही स्वतः बघा. आणि त्यांना उलट्या दिशेने रिक्षा घालू देऊ नका. समोरून धडकलेल्या कारवाल्याची चूक असली तरी चालकाची स्वतःची चूक निघाली की त्याची भरपाई त्या प्रमाणात कापली जाते.

खरेदीआधी महापालिकेत जाऊन परवान्याचे नियम पाहा. मालकानेच रिक्षा चालवावी, एकाला एकच परवाना, अशा अटी काही शहरांत असत. दिल्लीतल्या तशा अटी आणि ९९ हजार रिक्षांची कमाल मर्यादा उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केली, पण तुमच्या शहराचे नियम तुमच्या शहराचेच. कोणत्या रस्त्यांवर सायकलरिक्षांना बंदी आहे ते वाहतूक शाखेत विचारा. तुमच्या फेरीचा निम्मा मार्गच बंद निघाला तर?

पैशांचं असं. तुमच्या बेतात २ लाख ८० हजार जातात आणि ठेवीतले २० व पोस्टातले ६० मिळून जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च उरतो. दोन रिक्षांना ९० हजार लागतील. दीड लाख पुन्हा ठेवीत टाका, पोस्टातले धरून साडेसात महिने निघतील. उरलेले ६० हजार परवाना, दोन्ही पॉलिसी, ब्रेक-टायर आणि रिकाम्या जाणाऱ्या पावसाळ्यासाठी. तिसरी रिक्षा पहिल्या दोघींच्या कमाईतून घ्या, तीही पॉलिसीचं पहिलं नूतनीकरण झाल्यावर.